टर्मिनल न काढता

"तिसऱ्याचा नंबर सांगा, चाचा."

इलियास बॉनेटखाली कमरेत वाकला होता. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भिंग. पिकअपच्या इंजिनावर डिझेल फवारणारे चार इंजेक्टर ओळीनं बसलेले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक नंबर कोरलेला. नवा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, कोरा येतो. गाडी कुठली, चावी कोणती, इंजेक्टर कोणते, हे सगळं त्याला एकदा सांगावं लागतं. घरात नवी सून आली की तिला माणसांची ओळख करून द्यावी लागते, तसं.

"पाच... ए... हे तीन हाय का आठ?"

"बघा बरं नीट."

"आठच हाय."

गुफरान लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडीत बसला होता. बत्तीस वर्षांचा हा माणूस बीडमधल्या गॅरेज-गॅरेजला फिरून गाड्यांचे कंप्युटर बघायचा. त्याचं स्वतःचं गॅरेज नव्हतं, पान्यांची पेटी नव्हती, नखात ग्रीस नव्हतं. सुरुवातीला इलियासला त्याचं हसू यायचं. हात न मळवता कुठं कोणी मेकॅनिक होतं का? आता आठवड्यातून दोनदा त्याला फोन करावा लागे आणि हसू काही येत नसे.

गाडी लिंबागणेशच्या गहिनीनाथची. सीताफळाचे क्रेट जास्त बसावेत म्हणून दहा दिवसांपूर्वी त्यानं मागच्या हौद्यावर लोखंडी जाळी चढवून घेतली होती. बार्शी नाक्यावरच्या इलियासच्या गॅरेजला भिंतीला भिंत लागून बन्सीचं वेल्डिंगचं दुकान होतं, तिथं. दुसऱ्याच दिवशी भरल्या लोडाची गाडी मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडली ती पडलीच. टोचन लावून बीडला आणली. इलियासनं बॅटरी बघितली, फ्यूज बघितले, वायरिंग हातानं चाचपून काढलं. गुफराननं स्कॅनर जोडला तर पलीकडून उत्तरच नाही. मग ईसीएमचा डबा उघडला. आत हिरव्या पट्टीवर नखाएवढा काळा डाग होता.

"वेल्डिंगचा करंट घुसला," गुफरान म्हणाला होता. "बॅटरीचं टर्मिनल न काढता रॉड मारला कुनीतरी."

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

नवा डबा पुण्याहून यायला आठ दिवस लागले. सीताफळाचे डोळे उघडून ते पिकायला आलं की काही पिकअपसाठी थांबत नाही. गहिनीनाथला या आठ दिवसांत दुसऱ्यांच्या हातापाया पडून माल काढावा लागला होता. आज तो सकाळपासून खुर्ची टाकून बसला होता. लिंबागणेशच्या पिकअपवाल्यांचा तो म्होरक्या. त्यांच्या आणखी आठ गाड्यांना जाळ्या चढवायच्या होत्या आणि ते सगळं काम बन्सीला द्यायचं ठरलं होतं. आता त्यानं मोबाइलवर मेसेज लिहून ठेवला होता. बन्सीच्या दुकानाच्या पाटीचा फोटो आणि खाली दोन ओळी.

"गाडी एकडाव चालू हू दे," तो म्हणाला. "मंग टाकतो ग्रुपवर. आमच्या आठी गाड्या येणार न्हाईत, आन दुसऱ्याची बी येऊ देत न्हाई. येवढे वर्स धंदा करतूस, इतकं बी कळत न्हाई व्हय रे बन्सी?"

एरवी बन्सीदादा म्हणणारा गहिनीनाथ अरेतुरेवर आला होता. बन्सी दाराशी उभा होता, काळा चष्मा कपाळावर चढवून.

"चुकलं माझं," तो म्हणाला. डबा उघडला त्या दिवशीही तो एवढंच म्हणाला होता.

इलियासनं भिंग चौथ्या इंजेक्टरवर धरलं. नंबर काही वाचता येईना.

घडलं होतं ते असं. जाळी चढवायच्या दिवशी बन्सीनं सगळं जुळवून घेतलं, मशीनचा चिमटा चेसीला लावला आणि भिंतीपलीकडून हाक मारली, "इलियासभाई, बॅटरीचं टर्मिनल काढू का? नव्या गाड्यांचं काढावं लागतंय म्हणत्यात." इलियास तेव्हा एका जुन्या जीपखाली उताणा पडला होता. तिथूनच ओरडला, "पस्तीस साल झाले, कदी काढलं का बे? मार रॉड!"

ते खोटं नव्हतं. पस्तीस वर्षांत त्याच्या डोळ्यांदेखत शेकडो गाड्यांवर वेल्डिंग झालं आणि एकीचंही काही बिघडलं नाही, कारण त्या गाड्यांत बिघडायला डोकंच नव्हतं. पंप, पाइप आणि डिझेल, संपला विषय. नव्या गाड्यांचं तसं नसतं, हे इलियासच्या कानावर आलंही होतं अर्धंमुर्धं. पण कुणी विचारावं आणि उस्तादानं "थांब, कुणाला तरी विचारून सांगतो" म्हणावं, असं बार्शी नाक्यावर आजवर घडलं नव्हतं.

डबा उघडला तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं होतं की बन्सीनं विषय काढला की आपण कबूल करायचं. बन्सीनं विषयच काढला नाही. विसरला असेल. इलियासला बरं वाटलं. आठ दिवस बरं वाटत राहिलं, आणि त्याचीच त्याला आता शरम वाटत होती.

गहिनीनाथ फोन आला म्हणून रस्त्याकडे गेला, तसा बन्सी चहाचा ग्लास घेऊन बॉनेटपाशी आला. हळूच म्हणाला, "इलियासभाई, तुमी काय बोलू नगा. माझं काय, गेटाची कामं हायेत, शेडाची हायेत. गाड्या न्हाई केल्या तर मी उपाशी मरत न्हाई. तुमच्याकडं लोक तुमच्या नावावर येत्यात."

म्हणजे विसरला नव्हता.

इलियासनं चहा घेतला नाही. चौथा नंबर कसाबसा वाचून तो गुफरानला सांगायला खिडकीशी गेला आणि स्क्रीनकडे बघत राहिला. चौथा रकाना भरलेला होता. चारही भरलेले होते. सीटवर गुफरानचा मोबाइल पडला होता, त्यात इंजेक्टरच्या डोक्याचा फोटो, अक्षरं चांगली बोटाएवढी.

"हे तर भरलंय की रे."

गुफरान ओशाळला. "सकाळीच फोटू काढलते, चाचा. तुमी भिंग घेऊन वाचाय लागले, मंग म्हणलं... ताडून बी बघता येतंय."

लग्नघरात म्हाताऱ्याला एका खुर्चीवर बसवून, 'तुमी नुसतं लक्ष ठेवा' म्हणतात. इलियासला त्या खुर्चीवर बसवून बरेच दिवस झाले होते, त्याला फक्त आज कळलं. त्याला दोघांचाही राग आला. पण दोघांनीही वाईट काहीच केलेलं नव्हतं, त्यामुळे तो राग कुणावर काढावा हेही कळेना. त्यानं भिंग खिशात घातलं.

"मारा चावी," गुफराननं आवाज दिला.

गहिनीनाथनं येऊन चावी फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. समोरचा पिवळा दिवा विझला. गहिनीनाथचा चेहरा आठ दिवसांत पहिल्यांदा उजळला आणि त्यानं लगेच खिशातून मोबाइल काढला.

"थांब," इलियास म्हणाला. "बन्सीनं मला विचारलं व्हतं, टर्मिनल काढू का म्हणून. मीच नगं म्हणलो. चूक माझी हाय, त्याची न्हाई."

"आँ?" इंजिनाच्या आवाजात गहिनीनाथला नीट ऐकू गेलं नव्हतं. त्यानं चावी बंद केली. "काय म्हणले उस्ताद?"

मग ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. या वेळी गॅरेजमध्ये कसलाच आवाज नव्हता.

"इलियासभाई, कावून उगं..." बन्सी पुढं झाला.

"तू गप बस बे. आन गहिनीनाथ, नवा डबा माझ्याकडून."

गहिनीनाथ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. राग म्हणजे काही क्रेट नव्हे, या गाडीतून उचलला आणि त्या गाडीत ठेवला. बन्सीवर आठ दिवस घोटलेला राग आता इलियासवर आणायचा म्हणजे त्यालाही जड जात होतं.

"तुमाला म्हाईत नव्हतं?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

गहिनीनाथनं अंगठ्यानं मेसेज पुसला. बन्सीची पाटी गेली, दोन ओळी गेल्या. "मंग आता काय लिहू? समद्या गावाला म्हाईत हाय बन्सीनं जाळला म्हणून."

"लिही, वेल्डिंगच्या आदी टर्मिनल काढत जा. आन ह्ये इलियासच्या सांगण्यावरून झालं, बन्सीचा दोष न्हाई. नाव लिही, न्हाईतर लोक त्यालाच धरतील."

गहिनीनाथ एकेक अक्षर शोधून टाइप करू लागला. मधेच थांबला. "इलियास उस्ताद लिहू, का नुसतं इलियास?"

विचारण्यात कसलीही खोच नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं.

"लोकाला ज्यानं कळंल ते लिही," इलियास म्हणाला. त्यानं काय लिहिलं, ते इलियासनं बघितलं नाही.

बॉनेट लागलं. गुफराननं वायर गुंडाळून पिशवीत भरल्या. गहिनीनाथनं पुन्हा इंजिन चालू केलं, जरा वेळ कान देऊन बसला आणि म्हणाला, "आज लोड घेऊन घाट चढवू का? का दोन दिस रिकामीच पळवू?"

इलियासनं बोलायला तोंड उघडलं. मग त्याच्या लक्षात आलं की गहिनीनाथची मान गुफरानकडे वळलेली आहे. गुफराननं इलियासकडे बघितलं. इलियास फडक्यानं हात पुसत राहिला.

"चढवा," शेवटी गुफरान म्हणाला. "काय प्रॉब्लेम न्हाई."

गाडी मागं घेत रस्त्यावर काढायची होती आणि दुपारची वाहतूक एकामागं एक लागून चालली होती. इलियास फडकं खांद्यावर टाकून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. अंबाजोगाईची एसटी थांबली, तिच्या मागं दोन रिक्षा थांबल्या. "येऊ द्या," तो ओरडला, "येऊ द्या... आजून येऊ द्या... बास." पिकअप पूर्ण वळून वाटेला लागेपर्यंत त्यानं हात खाली घेतला नाही. मग बाजूला सरून एसटीला जा म्हणून खूण केली.