तुतवारांचं पान

मी बादलीतला माइक बोलतोय. खरं तर बोलणं हा माझा धंदा नव्हे, आयुष्यभर मी ऐकतच आलो. पण आता सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी उमेदवारी एका सभागृहात गेली. काय एकेक माणसं! आधी माझ्या डोक्यात टिचकी, मग तोंडावर फुंकर, आणि मग "दोनच शब्द बोलतो" म्हणून तासभर चऱ्हाट. अशाच एका वक्त्यानं हातवारे करताना मला खाली पाडलं. जाळीला पोचा आला आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला घड्याळमास्तरांनी उचललं. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मला हातात धरून गप्प बसलेला हा पहिलाच माणूस.

मास्तरांनी मला रंगाच्या रिकाम्या बादलीत तोंड वर करून बसवलं. दव पडू नये म्हणून वर पातळ प्लास्टिक ताणून बांधलं आणि बादली गच्चीवर ठेवली. बादलीमुळे रस्त्याचा गोंगाट अडतो आणि आभाळ तेवढं ऐकू येतं. पहिल्या रात्री मला वाटलं, वर बाजारच भरलाय. थंडीच्या तोंडावर लांबून येणारे हे पक्षी रात्रीचेच उडतात आणि अंधारात चुकामूक नको म्हणून एकमेकांना हाका मारत जातात. गावाबाहेरच्या पाणथळीत उतरायचं, पोट भरायचं आणि पुढं निघायचं, हा त्यांचा शिरस्ता. बदकांचा आवाज घोगरा, बगळ्यांचा खरखरीत. तुतवाराचा मात्र अगदी बारीक. तुतवार म्हणजे पाण्याच्या कडेनं शेपूट हलवत चालणारा मूठभर जीव.

मास्तर कानाला हेडफोन लावून बसायचे. एक हाक आली की वहीत एक रेघ. प्रत्येक पक्ष्याचं पान वेगळं. शिवाय टेप चालूच. "घड्याळजीचा कान आहे हा, फसायचा नाही," असं लेकीला ऐटीत सांगायचे. सोळा वर्षांत त्यांनी एकही हंगाम चुकवला नाही.

पुढं तुतवारांच्या पानावरच्या रेघा कमी व्हायला लागल्या. मी चक्रावलो. माझ्याकडे तर हाका पूर्वीइतक्याच येत होत्या. मग एकदा मास्तरांच्या मनगटावरच्या घड्याळाचा गजर माझ्याशेजारी वाजून वाजून थकला, तरी मास्तर ढिम्म. तेव्हा माझ्या लक्षात आलं. वय झालं की कान बारीक आवाजाच्या बाजूनं जातात. मास्तर बिचारे शंका नको म्हणून टेप पुन्हा लावून बघायचे. पण पुन्हा ऐकणारे कानही तेच. तीन वर्षं ते पान कोरं राहिलं. मास्तर हळहळायचे आणि मला तोंड असून सांगता येत नव्हतं.

अशात सरकारी कचेरीतले एक साहेब घरी आले. पाणथळीत भर टाकून गोदामं बांधायची होती. ते पाणी राखीव होतं ते तुतवारांसाठी, आणि तुतवार येतात की नाही याची नोंद गावात एकट्या मास्तरांच्या वहीत होती. मास्तरांना भाबडेपणी वाटलं, पक्षी गेले म्हटल्यावर ह्यांचे डोळे उघडतील. 'गेली तीन वर्षं एकही तुतवार आलेला नाही,' असं त्यांनी वळणदार अक्षरात लिहून दिलं आणि खाली सही केली. साहेबांनी दोनदा आभार मानले. महिन्याभरात मातीचे ट्रक सुरू झाले.

परगावी नोकरी करणारी लेक त्याच सुमारास सुट्टीवर आली. सहज तिनं हेडफोन कानाला लावले.

"बाबा, केवढे आहेत हे!"

"काय केवढे?"

"तुतवार. हा बघा, आत्ता गेला. हा आणखी एक."

मास्तरांनी हेडफोन ओढून घेतले आणि श्वास रोखून ऐकलं. त्यांना नुसती खरखर ऐकू आली. मग लेकीकडे बघत त्यांनी वहीतलं तुतवारांचं कोरं पान उघडलं.

दुसऱ्या दिवशी पिशवीभर टेप घेऊन दोघं कचेरीत गेले. परतल्यावर मास्तर गच्चीवर येऊन माझ्यापाशी बसले. "साहेबांनी एवढंच विचारलं, सही तुमचीच ना?" असं स्वतःशीच पुटपुटले.

आता तिथं पाणी नाही. पक्षी मात्र येतात. उतरायला जागा सापडत नाही म्हणून पहाटेपर्यंत घिरट्या घालतात. त्यातले काही आवाज मला ओळखू येतात, आणि उजाडता उजाडता त्यांतले दोन-चार कमी झालेले असतात.

लेक नोकरी सोडून इथंच राहिली आणि रात्री हेडफोन लावून तीच बसायला लागली. रोज पहाटे मास्तर तिला विचारायचे, "किती?" सुरुवातीला ती खरा आकडा सांगायची. मास्तरांनी अन्न टाकलं. रात्री-अपरात्री कंदील घेऊन त्या भरावावर पाणी शोधत हिंडायला लागले. मग एके दिवशी ती म्हणाली, "आज कुणी नाही, बाबा." त्या दिवशी मास्तर चार घास जेवले आणि झोपले. तेव्हापासून ती रोज तेच सांगते. मला तिचा राग येत नाही. तिच्या जागी मीही तेच सांगितलं असतं.

काल रात्री मी एकशे बारा हाका ऐकल्या. मास्तरांनी पहाटे वही उघडली, तुतवारांचं पान काढलं आणि शून्य लिहिलं. खाली सही केली.

उद्या कुणी ती वही मागायला आलं तर देऊ नका. तेवढी एकच विनंती आहे.