तोंड मीच उघडलं होतं

"पाळायचंच होतं तर कोंबडी पाळायची. निदान अंडं तरी घातलं असतं."

मित्रांनो, हे बोलणं माझ्याबद्दल चाललं आहे. बोलणारी आहे गोगो, म्हणजे ह्या घरातली आजी. माझ्या पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर बसून ती मक्याची कणसं सोलते आणि मला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटते. आम्हां सरड्यांना बाहेरून दिसणारे कान नसतात. पण टोमण्याला कान लागत नाहीत, तो कुठूनही आत शिरतो.

मी एक जुना, रंग बदलणारा सरडा आहे. जुना म्हणजे चार वर्षांचा. तुमच्यात ह्या वयाला धड शाळेतही घेत नाहीत, आमच्यात मात्र हे म्हातारपण. शेपटी धरली तरी मी वीतभर भरत नाही. माझे दोन डोळे दोन दिशांना फिरतात, त्यामुळे आयुष्यात मी पुष्कळ पाहिलं. सांगता मात्र काहीच आलं नाही, आणि माझ्या हकिकतीतलं खरं दुःख तेच आहे.

माझा जन्म डर्बन शहरातला, जास्वंदीच्या कुंपणातला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं तुम्ही म्हणता. माझी तर सुरुवातच तिथे झाली. आमच्या जातीत आई अंडी घालत नाही. ती फांदीवरून चालता चालता एकेक पिल्लू पानावर चिकटवते आणि मागे न बघता पुढे जाते. मला तिचा राग नाही. रीतच तशी आहे.

त्या कुंपणाला लागून एक खोली होती. तिथे लिंदेनी नावाची बाई आपल्या मुलीबरोबर राहायची. लिंदेनी एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. एक दिवस माळ्याने कुंपण छाटलं आणि मी छाटलेल्या फांदीसकट कचऱ्यात पडलो. लिंदेनीची मुलगी खेतिवे तेव्हा सात वर्षांची होती. तिने ती फांदी तशीच उचलून घरात नेली.

"आई, हा काळा पडलाय. मरतोय का?"

"घाबरलाय. वरून हात नको नेऊस, वरून येते ती घार. खालून बोट धर. त्याला वाटू दे की ही फांदीच आहे."

मी त्या बोटावर चढलो. एवढं साधं होतं ते.

"माझ्या आईला कळलं तर ती मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही," लिंदेनी हसून म्हणाली होती. हसताना ती तोंडावर हात ठेवायची आणि त्या हाताला इस्त्रीच्या वाफेचा वास असायचा.

ती वर्षं चांगली गेली. खिडकीतल्या कुंडीवर माझं राज्य होतं. शेजारची मुलं मला बघायला यायची. मला लाल स्वेटरवर ठेवायची आणि मी लाल होत नाही म्हणून हिरमुसायची. मित्रांनो, आम्ही कापड बघून रंग बदलत नाही. थंडी वाजली, भीती वाटली, राग आला, सुख वाटलं, की अंगावर उमटतं. माणसं ते लपवू शकतात. आम्हांला ती सोय नाही.

मग लिंदेनी आजारी पडली. ती इस्पितळात गेली आणि परत आली नाही. खेतिवेचा मामा मुझी पिकअप गाडी घेऊन आला. खेतिवे त्याला मालुमे म्हणते. भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यात मला घातलं आणि आम्ही उमझिमकुलू नदीपलीकडच्या टेकडीवर गोगोच्या, म्हणजे लिंदेनीच्या आईच्या, घरी आलो. सहा तास खोकं हादरत होतं. उघडलं तेव्हा समोर दहिवराने पांढरं पडलेलं गवत होतं, चुलीचा धूर होता आणि ओळखीचं एकही पान नव्हतं. थंडीने मी काळाकुट्ट झालो.

"बघ मा, ह्यानेही सुतक धरलंय," मुझी म्हणाला. त्याला दुःखात थट्टा सुचते. काही माणसांना रडू येतं तशी त्याला ती येते.

गोगो हसली नाही. ती दोन पावलं मागे सरकली. "उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. हे निरोप्याचं कूळ आहे."

ती गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. फार पूर्वी देवाने आमच्या मूळ पुरुषाला निरोप देऊन पाठवलं की जा, माणसांना सांग, तुम्ही मरणार नाही. तो वाटेत बोरीची फळं खात रेंगाळला. मागून दुसरा एक चपळ सरडा उलटा निरोप घेऊन धावला आणि आधी पोचला. तेव्हापासून माणसं मरतात आणि बोल आम्हांला लागतो. मी काही त्या वेळी नव्हतो. पण घराण्याचा बट्टा कोणाला पुसता आलाय?

मुझीने तारेच्या जाळीचा पिंजरा केला, आत पीचच्या झाडाच्या फांद्या लावल्या आणि तो स्वयंपाकघराबाहेर, सकाळचं ऊन येईल असा टांगला. मी खाईना. खेतिवेही खाईना. गोगो मक्याच्या पिठाचं मोकळं पुथु आणि आंबट दूध तिच्यापुढे ठेवायची, ती चमच्याने त्यात रेघा ओढत बसायची. त्या घरात लिंदेनीचं नाव कोणी घेत नसे. "ते झाल्यापासून" असं म्हणत आणि पुढचं वाक्य गिळत.

पण खेतिवेने माझ्या बाबतीत घाई केली नाही. रोज सकाळी ती ओल्या हाताने पानांवर पाणी शिंपडायची, कारण आम्ही वाटीतलं पाणी पीत नाही, थेंब चाटतो. शाळेतून आली की पिंजऱ्याशेजारी पाठमोरी बसून अभ्यास करायची. माझ्याकडे टक लावून बघायची नाही. नवव्या दिवशी मी एक नाकतोडा खाल्ला. त्या रात्री तिने ताट पुसून खाल्लं.

"तुझ्या त्या निरोप्याने खाल्लं का काही?" गोगोने विचारलं. "मी आपलं विचारलं. मला काय करायचंय."

सगळं बरं चाललं होतं, असं मला वाटत होतं.

एका दुपारी शहरातून लिंदेनीची पेटी आली. खेतिवे शाळेत होती. गोगोने पेटी अंगणात उघडली. वर इस्त्रीची घडी केलेला कामावरचा निळा कोट होता. ती तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग उठून माझ्याकडे आली. तिच्या हातात तपकिरीची डबी होती.

तिचा हात वरून आला. मी घाबरलो, फुगलो आणि शत्रूला भिववण्यासाठी आम्ही करतो तेच केलं. तोंड उघडलं. मित्रांनो, तोंड मीच उघडलं होतं. तिने चिमूट आत सोडली.

ती आग मी शब्दांत सांगणार नाही. इथे पूर्वीपासून काही लोक आम्हांला असंच मारतात आणि मरता मरता अंगावर उमटणारे रंग बघत उभे राहतात. गोगो बघत उभी राहिली नाही. तिच्या हातातून डबी पडली.

"मा, काय केलंस?" मुझी गोठ्याकडून धावत आला. त्याने मला उचललं, नळ बारीक सोडला आणि थेंबाथेंबाने माझं तोंड धुतलं. कोणाला इतक्या हलक्या हाताने काही करताना मी आजवर पाहिलं नव्हतं. गोगो आत निघून गेली होती.

तेवढ्यात खेतिवे फाटकातून आली. तिने पाहिलं ते एवढंच: मुझीच्या मुठीत मी, माझ्या ओठांवर तपकीर, खाली उघडी डबी.

"मालुमे, तू केलंस?"

मुझीने दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग तो खाली बघत म्हणाला, "थट्टेत गेलं ते. चुकलं माझं."

माझा एक डोळा दारावर होता आणि एक तिच्यावर. दोन्ही डोळ्यांना खरं ठाऊक होतं. तिने मला घ्यायला हात पुढे केला, नेहमीसारखा खालून, फांदीसारखा. आणि मी तिला चावलो.

आजही मला त्याची लाज वाटते. ज्या बोटाने मला कचऱ्यातून उचललं, त्याच बोटाला मी चावलो. भीतीला माणूस ओळखता येत नाही, तिला फक्त हात दिसतो.

पुढे कित्येक आठवडे ती जवळ आली की मी काळा पडून फुसफुसायचो. खेतिवे मुझीशी बोलायची बंद झाली. त्या घरात तिला हसवणारा तो एकटाच होता. तो रोज पहाटे काडेपेटीत नाकतोडे पकडून पिंजऱ्याखाली ठेवायचा आणि ती ते मला द्यायची, पण ती काडेपेटी कोणी ठेवली हे जणू तिला माहीतच नव्हतं. गोगोने तपकीर ओढणं सोडलं. का सोडलंस, हे तिला कोणी विचारलं नाही.

एका संध्याकाळी खेतिवे गोगोला म्हणाली, "सत्र संपलं की मी डर्बनला आईच्या मैत्रिणीकडे जाणार. तिने हो म्हटलंय. इथे भरवसा ठेवावा असं कोणी नाही."

"तिथे पुथु नाही मिळणार," मुझी म्हणाला.

ती भिंतीकडे बघत राहिली.

तरीही तिने माझा नाद सोडला नाही. आधी हातभर लांब काडीच्या टोकाला नाकतोडा लावून धरायची. मी जीभ फेकून घ्यायचो आणि मागे सरायचो. चार दिवसांनी काडी बोटभर आखूड करायची. मी काळा पडलो की ती पुन्हा लांब काडी घ्यायची. शेवटी काडी संपली आणि बोट उरलं. तिने ते खालून धरलं आणि दुसऱ्या हातात गणिताचं पुस्तक घेऊन वाचत बसली. माझा एक पाय पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. आम्ही वाऱ्यावरच्या पानासारखे डुलत चालतो, तुम्हांला ते हसू आणतं. त्या दिवशी मी खरोखरच डगमगत होतो. पण चारही पाय त्या बोटावर आले आणि माझ्या अंगावर हिरवा रंग उमटला.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादा मुका जीव असेल तर एवढं करा. त्याचं घर बदललं, माणसं बदलली, तर त्याला दिवस द्या. हात वरून नेऊ नका. तो चावला तर त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आणि तुमचा राग ज्याचा आहे त्याच्यावरच काढा. जो सांगू शकत नाही त्याच्यावर नको.

सत्र संपलं. खेतिवेने पिशवी भरली, तेच बुटांचं खोकं काढलं आणि अंगणात मला त्यात ठेवलं. झाकण अजून लावायचं होतं. मुझी गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता. गोगो आत चुलीपाशी पाठमोरी होती.

"खोकं मागे नको, मांडीवर घे. थंडी लागेल त्याला," मुझी म्हणाला.

कित्येक आठवड्यांनी खेतिवे त्याच्याशी बोलली. "तू सांगू नकोस, मालुमे. तुझ्या हाताला तो लागू नये म्हणूनच मी जातेय."

"बरं," मुझी म्हणाला आणि गाडीकडे वळला.

"थांब, मुझी," गोगो म्हणाली. ती वळली. तिच्या हाताला राख लागली होती, ती तिने पुसली नाही. "पोरी, त्याला बोल लावू नकोस. तपकीर मी घातली. त्याने धुतली."

खेतिवेच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. मुझी जमिनीकडे बघत होता.

गोगो उंबरा ओलांडून माझ्यापर्यंत आली. ह्या वेळी तिने हात वरून नेला नाही. तो खाली, रिकामा लोंबत होता.

"माझी लिंदेनी मेली," ती म्हणाली. "त्यात ह्याचा काय दोष होता?"