सातव्या होलचं तळं

क्लबाने गोल्फचं जुनं मैदान मूळ आखणीप्रमाणे पुन्हा उभं करायचं काम सुनेवर सोपवलं, तेव्हा पहिला विरोध घरातूनच झाला. सासरे क्लबाचे माजी अध्यक्ष. सातव्या होलच्या वाटेतलं तळं त्यांनीच हौसेने खणवलं होतं.

"बाकी मैदान हवं तसं उकर," ते जेवताना म्हणाले, "पण तळ्याला हात लावायचा नाही. शान आहे ती मैदानाची."

"बाबा, मूळ आखणीत तळं नव्हतंच."

"मूळ आखणीत दिवेही नव्हते. तेही काढणार का?"

"शान कसली," सासूबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या. "चेंडूंचं स्मशान आहे ते."

सुनेने चमकून पाहिलं. सासूबाईंच्या तोंडून गोल्फचा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. नंतर ओट्यापाशी तिने हळूच विचारलं, "आई, तुम्ही खेळायचात?"

"खेळायचे? बायकांचा चषक दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊ दिला नाही मी!" भांडं पुसता पुसता त्या थांबल्या. "माझा फटका लांबचा नव्हे. पण चेंडू जमिनीवरून कसा न्यायचा, ते मला कळायचं. मग तळं आलं. पाण्यावरून उडवायची ताकद कुठून आणू? मी सोडलं, मग मैत्रिणींनी सोडलं."

"बाबा काही बोलले नाहीत?"

"त्यांना वाटलं, कंटाळा आला मला."

दुसऱ्या दिवशी सून त्यांना मैदानावर घेऊन गेली. तळ्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहून सासूबाई हातवारे करू लागल्या. "इथे उंचवटा होता. त्याच्या कडेला चेंडू टाकला, की तो गुपचूप उजवीकडे वळून ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक हिरवळीवर यायचा. ज्याच्या मनगटात जोर, त्याने सरळ, आता पाणी आहे तिथल्या वाळूच्या खड्ड्यावरून मारावं. पण वाट सगळ्यांना होती."

सुनेने बरोबर आणलेली लोखंडी सळई तिथे ठोकली. भुसभुशीत मातीतून ती सरसर आत गेली आणि खट्कन थांबली. खाली टणक जुनी जमीन होती. तळं खणताना निघालेली माती इथेच लोटली होती आणि तिच्याखाली उंचवटा पुरला गेला होता. जागोजागी सळई ठोकत सुनेने जुन्या उताराचा सगळा आकार खुणांच्या झेंड्यांनी आखून काढला.

पण क्लबाच्या सभेत तळ्याचा विषय निघताच सगळे सासऱ्यांच्या तोंडाकडे बघू लागले. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून सासूबाई उठल्या.

"तळं झाल्यापासून किती बायका सातव्या होलच्या पुढे गेल्या? एकीचं तरी नाव सांगा."

सासरे वळून बायकोकडे बघत राहिले.

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

सासऱ्यांनी घसा खाकरला आणि सगळ्यांच्या आधी हात वर केला. "बुजवा."

पाणी उपसलं तेव्हा चिखलातून टोपल्या भरभरून चेंडू निघाले. त्यातले बरेचसे सासऱ्यांचेच होते, लाल ठिपक्याचे. "तळं राखील तो पाणी चाखील," सासूबाई म्हणाल्या, आणि सासऱ्यांना हसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

तळं बुजवून, जुना उंचवटा आणि वाळूचा खड्डा पुन्हा घडवून सातवं होल खुलं झालं त्या दिवशी पहिला मान क्लबाच्या विजेत्याला मिळाला. त्याने ताडकन सरळ फटका मारला. चेंडू वाळूत रुतला, आणि बाहेर काढता काढता त्याला घाम फुटला.

मग सासूबाई पुढे आल्या. सून काही बोलणार, तोच काठी फिरली. चेंडू जमिनीलगतच उडाला, डावीकडे पडला, पुढच्या फटक्याला उंचवट्याच्या कडेवर चढला, क्षणभर थबकला आणि उजवीकडे वळला. घरंगळत, रेंगाळत तो थेट ग्रीनवर आला. शेवटच्या हलक्या टोल्याने तो टप्पकन खळग्यात पडला. विजेता अजून वाळू झटकत होता.

"अरे, जिंकली! माझी बायको जिंकली!" सासरे पोरासारखे ओरडले. टाळ्या थांबेनात. जुन्या मैत्रिणी धावत येऊन सासूबाईंना बिलगल्या.

सासूबाईंनी डोळे पुसले, काठी खांद्यावर टाकली आणि मैत्रिणींना घेऊन आठव्या होलकडे चालू लागल्या. थोडं पुढे जाऊन त्या थबकल्या. समोर झाडांची दाट भिंत उभी होती.

"ही झाडं कुणी लावली?"

सासरे आभाळाकडे बघू लागले. सुनेने सळई उचलली.