राव आणि बाई

संदर्भसूचीत मान नसतो, असं भुसारी सर म्हणाले आणि त्यांनी माझ्या आईच्या नावातली बाई पेन्सिलीने खोडून टाकली.

एकोणऐंशी सालची गोष्ट. मी भंडाऱ्याच्या कॉलेजात मराठी घेऊन एम. ए. करत होते. लघुप्रबंधाचा विषय होता रोवण्याची गाणी, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावताना आमच्याकडच्या बाया म्हणतात ती. घर वैनगंगेपलीकडे कारध्याला, त्यामुळे गाणी गोळा करायला लांब जावं लागलं नाही. निम्मी तर आईनेच सांगितली. प्रबंध लिहून झाला होता. उरली होती शेवटची संदर्भसूची, आणि तिच्याखाली मार्गदर्शक म्हणून प्राध्यापक केशवराव भुसारींची सही. सही नाही तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर एम. ए. नाही. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातून इथवर पोचलेली मी पहिलीच मुलगी होते. ती सही मला हवीच होती.

सूचीचे दोन भाग होते. आधी ग्रंथ, मग गाणी सांगणाऱ्या बाया. पद्धत अशी की आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. मी वाचून दाखवलं तेव्हा आई पोट धरून हसली होती.

"शहारे, मालनबाई? असं तं पोलीस लिहितेत, चोर पकडल्यावर!"

आता सरांची पेन्सिल त्या नावांवरून चालली होती. उके, विमलाबाई. बाई गेली, विमला उरली. त्याखाली गभणे, गोदावरीबाई. इथे पेन्सिल टेकलीच नाही. रामटेके, सीताबाई. सीता. शहारे, मालनबाई. मालन.

गोदावरीबाई म्हणजे आमच्या गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची बायको. आई तिच्याच शेतात कामाला जायची.

"सर, गोदावरीबाईंची बाई राहिली," मी म्हणाले.

"राहू दे. त्यांचं नावच गोदावरीबाई आहे. मी ओळखतो त्यांना."

"माझ्या आईचं नावही मालनबाईच आहे. मीही ओळखते तिला."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मुलगी अशी बोलते हे त्यांना नवीन असावं. "बरं बाप्पा, त्यांचीही काढ," ते म्हणाले. "श्री, सौ, बाई, जी, सगळंच काढ. सूचीत नुसतं नाव असतं. शास्त्र आहे हे. आपल्या मनाचं चालत नाही."

मी कागद उचलला आणि बाहेर पडले. पूल संपून गाव आलं तरी राग उतरला नव्हता. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दासाठी केवढा थयथयाट! पण गावात माझ्या आईला कोणी कधी बाई म्हटलं नव्हतं. गोदावरीबाईची सून माझ्याहून लहान, गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली. ती आमच्या दारात उभी राहून "मालने!" म्हणून हाक मारायची, आणि माझी आई, तिच्या आईच्या वयाची बाई, हातातलं काम टाकून म्हणायची, "आली जी." ते 'जी' ऐकलं की माझं डोकं सणकायचं. गावाची जीभ मला बदलता येत नव्हती. पण तो प्रबंध माझा होता.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"कायले वाद घालतेस? सही होऊ दे. मालन म्हणल्यानं अंगाले भोकं पडतेत का?"

"पडतेत," मी म्हणाले. "मले पडतेत."

मी कंदिलाची वात वर केली आणि सूची नव्याने लिहायला बसले. सरांनी सांगितलं होतं तस्संच करायचं, मी ठरवलं. सूचीत मान नाही म्हणजे नाही. चारही बायांच्या नावांतली बाई काढली. मग ग्रंथांच्या भागात गेले. तिथे सरांचं लोकगीतांवरचं पुस्तक होतं, त्यांनीच आवर्जून घालायला लावलेलं. भुसारी, केशवराव. मी राव काढला. भुसारी, केशव. एवढं छान अक्षर माझं कधी आलं नव्हतं.

बस स्टँडजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बाबुलाल मराठी टाईप करायचे. प्रबंधाची बाकीची पानं त्यांनीच टाईप केली होती. सूचीच्या पहिल्याच पानावर त्यांची बोटं थांबली.

"बाई, इथं सरच्या नावातला राव राहिला लिहाचा."

"राहिला नाही. काढला."

"मंग मी लावून देतो ना! नाही तं सर चिडतीन."

"जसं लिहिलं तसंच ठोका," मी म्हणाले.

बाबुलालांनी मान हलवत कार्बन नीट केले आणि टाईप केलं. जाताना मनात आलं, या माणसाने मला, पंचविशीही न गाठलेल्या पोरीला, सहज बाई म्हटलं. हातात पुस्तकं होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी सर खुशीत होते. पानं उलटत गेले, ठीक, ठीक म्हणत गेले, पेनचं टोपणही काढून ठेवलं. मग सूची आली.

"हे काय? भुसारी, केशव?"

"सूचीत मान नसतो, सर."

"अगं, राव हा मान नाही! माझ्या नावाचा भाग आहे तो!"

"शाळेच्या दाखल्यावर आहे?"

"दाखल्याचा काय संबंध? अख्खा भंडारा मला केशवराव म्हणतो!"

"भंडारा तुमचा मान ठेवतो म्हणून म्हणतो," मी म्हणाले. "माझ्या आईला गावात कोणी बाई म्हणत नाही. म्हणून मी कागदावर म्हटलं होतं. तेवढंही तुम्ही खोडलं."

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी टोपण पेनला लावलं. "मी सही करणार नाही."

आईने चिखलात वाकून काढलेली सगळी वर्षं त्या टोपणाखाली बंद झाल्यासारखी वाटली. पण आता माघार घेतली असती तर आईच्या नावातली बाई मीच खोडल्यासारखं झालं असतं.

"नका करू," मी म्हणाले. "कोणी विचारलं तर मी खरं तेच सांगेन. सरांचा राव गेला म्हणून सही राहिली. नाही तर एक नियम सांगा, दोन्हीकडे तोच लावते. शेपूट ठेवायचं की कापायचं?"

सर खिडकीबाहेर बघत बसले. शिपाई चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली. शेवटी त्यांनी पेन्सिल घेतली, केशवपुढे राव लिहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी तो घेतला नाही. "चार बाया राहिल्या, सर."

"टाईप करताना घाल तू."

"तुम्ही काढल्या होत्या. तुम्हीच लिहा."

त्यांनी लिहिल्या. एकेक. शहारेपाशी पेन्सिलीचं टोक मोडलं, तर ब्लेड काढून टोक केलं आणि मालनपुढे बाई लिहिली. मग पेनने सही केली. ते पान मी पुन्हा टाईप करून घेतलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "सरनं सोताच्या हातानं लिहिलं?"

"सोताच्या हातानं."

ती नुसती हं म्हणाली आणि भाकर थापायला लागली.

फाल्गुनाचे दिवस होते. धानामागून पेरलेली लाखोरीची डाळ वाळून आली होती, आणि वेळेत उपटली नाही तर शेंगा तडकून दाणा मातीत जातो. म्हणून सगळ्यांनाच कामाला बाया मिळवायची घाई. सकाळीच गोदावरीबाईची सून दारात आली.

"मालने! ए मालने!"

आई वेणी घालत होती. घालतच राहिली.

"आई, तुले बोलावून राहिली," मी हळूच म्हणाले.

"मले नाही. मालनेले बोलावते," आई बाहेर ऐकू जाईल अशी म्हणाली.

सुनेने पुन्हा हाक मारली. आईने वेणीला गाठ मारली, केस झटकले, फणी कोनाड्यात ठेवली. बाहेर बांगड्या वाजल्या, पाय आपटल्याचा आवाज आला. आणि मग, दात आवळून म्हटल्यासारखं:

"मालनबाई... येता का लाखोरीले?"

आईने पदर खोचला आणि दारात जाऊन उभी राहिली.

"आली," ती म्हणाली. 'जी' लावलं नाही.