पाटीवर नसलेलं

कोंडाजींचा आवाज देवळाच्या भोंग्यातून गावभर घुमत होता, आणि खुद्द कोंडाजी सारजाबाईंच्या शेजारी ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. महिना होत आला तरी सारजाबाईंना याची सवय झाली नव्हती. त्या एकदा भोंग्याकडे बघत, एकदा नवऱ्याच्या मिटलेल्या ओठांकडे, आणि मग उगाच पदर सारखा करत.

माले गावाच्या पुढं, धरणाच्या अंगाला असलेल्या त्या गावात कोंडाजी चौतीस वर्षं ग्रामपंचायतीचे शिपाई होते. निवृत्त झाले तरी पुकारा त्यांच्याकडेच राहिला, कारण दुसऱ्या कुणाचं ऐकायची गावाला सवयच नव्हती. त्यांच्या पुकाऱ्याची एक रीत होती. आधी सांगणाऱ्याचं नाव. "नर्सबाईंनी सांगितलंय," किंवा "तलाठी भाऊसायबांचा निरोप हाय." मग निरोप. आणि शेवटी, "ज्याला शंका आसंल त्यानं यावं, मी टाकीखाली हाय." ते खरंच अर्धा तास पाण्याच्या टाकीखालच्या दगडावर जाऊन बसत. लोक येत, विचारत, हुज्जत घालत, तंबाखू मागत आणि खात्री करून घरी जात.

मागच्या वर्षी शाळेच्या पायरीवर बसलेल्या बिबट्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, तेव्हा दोन दिवस पोरं घरात कोंडली होती. मग कुणीतरी म्हणालं, कोंडाअण्णांनी पुकारलंय का? न्हाई ना? मग सोडा पोरांना. फोटो यंत्रानं बनवलेला निघाला. बिबट्याच्या मागं दिसणारी शाळा दुमजली होती. गावातल्या शाळेला धड एक मजलाही पुरता नव्हता.

दिवाळीनंतर कोंडाजींच्या घशातली गाठ काढली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. उरली ती नुसती फुसफूस, तीसुद्धा कान तोंडाशी नेला तरच कळणारी. ते पाटीवर लिहून बोलायला लागले. पुकारा बंद पडला. टाकीखाली जाणंही त्यांनी सोडलं. मुक्या माणसाला कोण काय विचारणार?

नात आरोही हिंजवडीला कंपनीत होती. आबांना असं भिंतीकडे तोंड करून बसलेलं तिला बघवेना. तिनं गावातल्या लग्नांच्या आणि जत्रेच्या व्हिडिओंमधून आजोबांचा आवाज चिमटीनं वेचावा तसा वेचला आणि एका शनिवारी फोन आजीच्या हातात दिला. आबांनी पाटीवर लिहायचं, आजीनं फोटो काढायचा, हिरवं बटण दाबायचं. फोन घरूनच, बिनतारी, देवळातल्या माईकला जोडलेला. पहिल्यांदा त्यातून आवाज आला तेव्हा सारजाबाई भाकरी तव्यावर तशीच टाकून अंगणात आल्या. भाकरी करपली. कोंडाजींनी ती तशीच खाल्ली आणि पाटीवर लिहिलं, "झकास." भाकरीला की आवाजाला, ते काही त्यांनी लिहिलं नाही.

एक गोष्ट मात्र सारजाबाईंच्या ध्यानात आली होती. कोंडाजी पाटीवर दोन ओळी लिहीत, आणि भोंगा पाच ओळी बोले. "सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती" म्हणे. चौतीस वर्षांत कोंडाजींनी कुणाला नम्र विनंती केली नव्हती, बायकोला तर नाहीच. सारजाबाईंना हसू येई. पण त्या कुणाला बोलल्या नाहीत. पाच ओळी म्हणजे तेवढाच आवाज जास्त वेळ कानावर पडत होता.

वैशाखात जनावरांचे डॉक्टर गावात आले, तेव्हा कोंडाजींना सांगून गेले की उद्या सकाळी आठला मीच वरच्या वाडीवर जातो, शेळ्यांना लस टोचायला. कोंडाजींनी लिहिलं: "उद्या शेळ्यांना लस. वरची वाडी." पाटी छोटी, खडूचा तुकडा त्याहून छोटा. सारजाबाईंनी फोटो काढला, बटण दाबलं आणि ओट्यावर येऊन बसल्या.

भोंगा बोलला, "वरच्या वाडीतील सर्व पशुपालकांना नम्र विनंती, उद्या सकाळी ठीक दहा वाजता आपल्या शेळ्या घेऊन शाळेच्या मैदानात उपस्थित राहावे."

कोंडाजी तेव्हा मागं परसात गोठा झाडत होते. ऑपरेशननंतर त्यांना एका कानानं कमीच ऐकू येई. सारजाबाईंनी ऐकलं. दहा वाजता आणि शाळेत हे पाटीवर नव्हतं, हेही त्यांना कळलं. मनात आलं, शिकल्यासवरल्या पोरीचा फोन आहे, त्याला कुठून तरी ठाऊक असेल. आणि त्या परत आवाज ऐकत बसल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आठचे नऊ करून वाडीवर पोचले, तर तिथं एक म्हातारी आणि तीन कोंबड्या. सगळी वाडी शेळ्या हाकत डोंगर उतरत होती पायवाटेनं, आणि डॉक्टर गेले होते मोटारीच्या रस्त्यानं. ते तसेच परत फिरले. खाली डांबरी रस्त्यावर पुण्याहून आलेल्या गाड्यांची रांग. त्या गडबडीत वाडीतल्या सोनीचं करडू एका चाकाखाली आलं. पाय मोडला.

दुपारी एकपर्यंत शाळेच्या मैदानात थांबून सोनी कोंडाजींच्या दारात आली. रोजावर पाणी सोडलं होतं तिनं त्या दिवशी. पदरात करडू, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं, असं सारजाबाईंना नंतर कितीदा वाटलं. ती उंबऱ्याशी बसली आणि पाणी मागितलं.

"अण्णा, आवाज तुमचाच हुता," ती म्हणाली. "शेजारचा सावळ्या म्हनला, डाक्टर दर साली वर येतो, औंदा खाली कसा? मी म्हनलं, अण्णा बोलल्यात, चल. पर नाव कुणाचं घेतलं न्हाई तुमी. मला वाटलं, आजारपनात इसरलं आसतील."

कोंडाजींनी पाटी घेतली, खडू टेकवला, आणि पाटी पालथी खाली ठेवली. चौतीस वर्षांत त्यांच्या शब्दावर कुणाचं जनावरसुद्धा आडवाटेला गेलं नव्हतं.

"त्यांनी लिवलं न्हवतं, सोने," सारजाबाई म्हणाल्या. "यंत्रानं जोडलं. आन् मला कळलं हुतं. मी गप बसले."

"का वं, काकी?"

सारजाबाईंनी करडाच्या कानामागं खाजवलं. "आवाज ऐकत हुते," त्या म्हणाल्या.

सोनीनं करडू सारजाबाईंच्या मांडीवर ठेवलं. पाय जुळेस्तोवर तुमीच संभाळा म्हणाली, वर चढ-उताराचं हाय. शिक्षा म्हणावी तर तेवढीच, आणि माफी म्हणावी तरी तेवढीच.

आरोही त्याच आठवड्यात धावत आली. अर्धवट वाक्य दिलं की तो फोन अशा हजारो सूचना आठवून ते पुरं करतो, खरं-खोटं त्याला कळत नाही, असं तिनं समजावलं. सांगता सांगता तिचे डोळे भरले. सारजाबाईंनी तिला जवळ घेतलं. मग आरोही म्हणाली, लिहिलंय तेवढंच बोलेल अशी सोय करून देते. कोंडाजींनी नकाराची मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, "आवाज हाय. मानूस न्हाई."

पण पुकारा तर करायलाच हवा होता. डॉक्टर पुन्हा यायला कबूल झाले होते, गुरुवारी. सारजाबाई म्हणाल्या, मी बोलते.

देवळात माईकपुढं उभ्या राहिल्यावर त्यांना अडचण कळली. रीत म्हणजे रीत, आधी सांगणाऱ्याचं नाव. डॉक्टरांचं ठीक होतं. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं ते नवऱ्याला, त्यांना नाही. आणि नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात दडवून. त्यानंतर बावन्न वर्षं "अहो", "हे" आणि "आरोहीचे आबा". रेशनच्या दुकानातसुद्धा त्या नावाची चिठ्ठी पुढं करत.

बाहेर आरोही वाट बघत होती. सारजाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"मी सारजा बोलतेय," भोंगा खरखरला. "डाक्टरसायबांनी सांगितलंय." मग थांबला. गावात नळावरच्या बायांनी माना वर केल्या. "डाक्टरांनी कोंडाजींना सांगितलंय. कोंडाजींनी मला. गुरुवारी सकाळी आठ वाजता वरच्या वाडीवरच शेळ्यांना लस. खाली कुणी येऊ नगा. मागल्या टायमाला चूक झाली ती माझी. ज्याला शंका आसंल त्यानं यावं, कोंडाजी टाकीखाली हायेत."

तिसऱ्यांदा नाव घेताना तर त्यांना चक्क बरं वाटलं.

त्या टाकीपाशी पोचल्या तेव्हा कोंडाजी दगडावर बसलेले होते, मांडीवर पाटी, पायाशी लंगडतं करडू. भोवती दहा-बारा माणसं जमली होती. बाया सारजाबाईंकडे बघून पदराआड हसत होत्या. कोंडाजी मात्र त्यांच्याकडे बघेनात. त्यांचे कान लाल झाले होते.

"अण्णा," सोनीनं विचारलं, "आट म्हंजी नक्की आटच का?"

कोंडाजींनी क्षणभर विचार केला आणि लिहून पाटी लोकांकडे फिरवली. सारजाबाईंनी ती जशीच्या तशी वाचून दाखवली.

"आठ म्हनलाय. पर डाक्टर हाय. नऊ धर."