सॅकवरचा तुपाचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी सॅक आहे. वय बावीस, एक चेन नादुरुस्त आणि तोंडाशी पिवळट डाग. डागाला हसू नका. त्याच्याइतका मान माझ्या एकाही पट्ट्याला मिळालेला नाही.

पुण्यातल्या एका शिंप्याने मला जाड कापडातून शिवलं आणि मानसिंगरावांनी पाठीवर घेतलं. माणूस कसा आहे हे मला त्याच्या सामानावरून कळतं. मानसिंगराव मला भरत, मग सगळं ओतत आणि त्यातलं अर्धं घरी ठेवत. पुढे त्यांचे गुडघे बोलू लागले आणि मी माळ्यावर गेले. सात वर्षं पोटात जुने स्वेटर! स्वेटरांइतकी कंटाळवाणी संगत नाही.

गेल्या पौषात मानसिंगरावांच्या लेकीने, शेफालीने, डोंगरभटकंतीसाठी मला खाली काढलं. पाच टी-शर्ट, घडीची खुर्ची, दोन किलो तांदूळ आणि सगळ्यात वर सहा लिटर पाणी. "बाबा, लागलं तर असावं!" डोंगरातलं निम्मं ओझं या एका वाक्याचं असतं, अशी माझी नोंद आहे.

वेल्ह्यातल्या पासली गावाच्या पुढच्या धनगरवाड्यावर कोंडाबाई भेटल्या. नाळेने कोकणात निघाल्या होत्या. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली, सुट्या दगडांनी भरलेली उभी घळ. खाली त्यांची लेक रत्ना बाळंतीण, आणि दुपारी बारसं. हातातल्या किटलीत महिनाभर साठवलेलं म्हशीचं तूप. शेफाली त्यांच्यासोबत निघाली.

मला पाहून कोंडाबाई म्हणाल्या, "पोरी, घर बदलतीस व्हय?"

"लागलं तर असावं, मावशी."

"अन् तांदूळ? वेल्ह्यात भात पिकत न्हाई असं कुणी सांगितलं?"

नाळेच्या तोंडाशी त्यांनी बजावलं, "माझ्या बरूबर डोक्यावर येऊ नगं. बाजूनं, तिरकी उतर. दगूड सुटला तर वरड."

शेफालीने मान डोलावली आणि दहाव्या मिनिटाला नेमकी त्यांच्या डोक्यावर येऊन उभी राहिली. मी डावीकडे कलले, ती उजवीकडे, आणि दोघी दणकन बसलो. पायाखालचे दगड सुटले.

"मावशी, दगड!"

कोंडाबाई चपळाईने कड्याला चिकटल्या. किटली मात्र आपटली. कडी तुटली, झाकण उड्या मारत दिसेनासं झालं. शेफाली रडवेली झाली. कोंडाबाईंनी आत बोट घातलं.

"थिजलंय. थंडीनं राखलं बघ. पर ऊन नाळंत आलं की पातळ व्हईल. मग झाकणाबिगर काय ऱ्हातंय?"

कड्याच्या माथ्यावर ऊन आलंच होतं.

त्यांनी मला रिकामं केलं. खुर्ची आणि कपडे त्यांच्या खांद्यावरच्या घोंगडीत बांधून शेफालीच्या पाठीवर गेले, बरंचसं पाणी दगडांवर गेलं. तांदळाची पिशवी तेवढी माझ्या तळाशी ठेवून त्यात किटली रुतवली. शेफालीला एवढा एक गुण मला द्यावाच लागला.

"द्या, मी घेते पाठीवर," शेफाली म्हणाली.

"न्हाई बाय. बसून उतरताना ही दगडाला टेकंल अन् किटली कलंडंल." त्यांनी टी-शर्टची चुंबळ केली आणि मला थेट डोक्यावर ठेवलं.

मित्रांनो, पाठीवर असताना मला नेहमी मागे पडलेली वाटच दिसते. बावीस वर्षांत पहिल्यांदा पुढचं दिसलं! खाली कोकण पसरलेलं, कौलं चमकणारी. कोंडाबाईंचे पाय प्रत्येक दगडाला विचारून पडत होते, मान मात्र तसूभर हलत नव्हती. शेफाली आता शहाण्यासारखी तिरकी उतरत होती.

शेवटच्या वळणावर उन्हाने गाठलंच. चमचाभर तूप माझ्या तोंडाशी ओघळलं. बाकीचं रत्नाच्या ओट्यावर सुखरूप पोचलं, पाळणा हलायच्या आत.

शेफालीने लगबगीने साबण काढला. कोंडाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. बाळंतिणीसंगं हिलाबी घासभर."

तर मित्रांनो, माझा डाग घासू नका, चेन तेवढी दुरुस्त करा. आणि भरून झालं की मला एकदा ओता. वाटेत कुणाची किटली मावेल, एवढी जागा माझ्यात असू द्या.