कान त्याचे, पोट माझे

मित्रांनो, काहीही बिघडलेलं नसताना ज्याचं पोट फाडलं गेलं, तो जुना ॲम्प्लिफायर म्हणजे मी. गिटारचा मुंगीएवढा आवाज तारेतून माझ्यात शिरतो आणि हत्तीएवढा होऊन बाहेर पडतो, एवढंच माझं काम. माझ्या अंगावरचं कापड विरलंय, बटणांपुढचे आकडे पुसलेत. पण माझी तक्रार म्हातारपणाबद्दल नाही, माणसाबद्दल आहे.

माझ्या पोटात काचेचे पाच व्हॉल्व्ह होते. बटण दाबलं की ते हळूहळू नारिंगी पेटायचे आणि मग कुठे मला कंठ फुटायचा. मला हातांनी बनवलं होतं. ट्रान्सफॉर्मरवर तार गुंडाळणारी बाई ओठांतल्या ओठांत वेढे मोजायची. मध्येच कोणी हाक मारली की मोजणी चुकायची आणि ती हाक मारणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. माझ्या आवाजातला तिखटपणा तिथूनच आला, असं माझं ठाम मत आहे.

मला ज्याने विकत घेतलं त्याला बँडमधले लोक लाटसाहेब म्हणत, कारण तो भाजी आणायलासुद्धा इस्त्रीचा कोट घालून जायचा. आमचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा माझ्या पहिल्याच सुराबरोबर हॉलमधल्या खुर्च्या चार बोटं मागे सरकल्या. शेजारच्या न्हाव्याचा वस्तरा थरथरला आणि एका भल्या माणसाची अर्धी मिशी गेली. खोटं वाटत असेल तर त्या मिशीला विचारा.

तीस वर्षं लाटसाहेब माझ्यासमोर हातभर अंतरावर उभा राहून वाजवत आला. "माझा सूर आधी मला ऐकू आला पाहिजे," असं म्हणायचा. खरं सांगतो मित्रांनो, त्याचे कान मीच खाल्ले. पण मी आपणहून नाही खाल्ले. बटण त्याच्या हातात होतं.

एकदा मी खरंच आजारी पडलो. कोणी वाजवो न वाजवो, माझ्यातून सारखी 'घूं' अशी घरघर यायला लागली. लाटसाहेबाने मला आत्याकडे नेलं. आत्या ही त्याची आत्या नव्हे. जुने रेडिओ आणि माझ्यासारखे म्हातारे दुरुस्त करणारी ती बाई अख्ख्या गल्लीचीच आत्या होती. मला बंद केल्यावरही माझ्या पोटात माणसाला लोळवेल एवढी वीज उरते. म्हणून तिने आधी ती वीज काढून टाकली. मग मला पुन्हा चालू करून डावा हात खिशात ठेवला आणि उजव्या हाताने मीटर लावत गेली. एक हात खिशात असला की धक्का छातीतून आरपार जात नाही, हे तिचं शास्त्र. पेन्सिलीच्या टोकाने एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकला, कान देऊन ऐकला. शेवटी वीज साठवणारा एक कंडेन्सर फुगलेला सापडला. तेवढाच तिने बदलला. घरघर गेली.

"लाटसाहेब, तुमच्याआधी हा काही जात नाही," ती म्हणाली. तेव्हा सगळे हसले.

पुढे काही वर्षांनी तो मला घेऊन पुन्हा तिच्याकडे आला. "आत्या, याची धार गेली. रजईखालून बोलल्यासारखा बोलतो."

आत्याने मला सगळीकडून तपासलं. नवे व्हॉल्व्ह घालून पाहिले, काढले, जुने परत घातले. "हा ठणठणीत आहे," ती म्हणाली.

त्याचा विश्वास बसला नाही. त्याने बारीक, टोकदार सुरांचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि तसाच मला कार्यक्रमांना न्यायला लागला. ड्रमवाला कानात कापूस घालून बसू लागला. मग बँडच्या मालकाने स्पष्ट सांगितलं, "या महिन्यात तुझ्या या खोक्याचं काहीतरी कर. कानात दाभण घुसतंय. नाहीतर मी दुसरा गिटारवाला बघतो."

तिसऱ्यांदा आम्ही आत्याच्या टेबलावर. या वेळी तिने माझं झाकणही उघडलं नाही. हवी तशी शिट्टी काढणारं एक यंत्र तिने मला जोडलं आणि लाटसाहेबाला समोर बसवलं. आधी जाड आवाज.

"येतोय?"

"येतोय की."

तिने शिट्टी बारीक केली, आणखी बारीक केली. माझ्यातून आता अशी सुई निघत होती की खिडकीतलं मांजर शेपूट फुगवून पळालं. मीटरचा काटा आवाज येतोय असं दाखवत होता. आत्याचे डोळे बारीक झाले होते. लाटसाहेब शांत बसून होता.

"आत्या, आधी चालू तर करा," तो म्हणाला.

आत्याने हळूच यंत्र बंद केलं. बराच वेळ ती हात पुसत राहिली.

"चालूच होतं," ती म्हणाली. "याला काही झालेलं नाही. तुम्ही कानाच्या डॉक्टरकडे जा."

"म्हणजे मी बहिरा?"

"बारीक सुरांचा वरचा एक पट्टा गेलाय. बाकी ऐकू येतंय ना?"

"बँडवाल्यांना कळलं तर उद्याच मला घरी बसवतील."

"मी कशाला सांगतेय? पण याचं पोट उगाच फाडू नका. एवढं ऐका."

"तुम्हाला जमत नाही, असं सरळ सांगा," तो म्हणाला आणि मला उचलून तडक निघाला.

पलीकडच्या रस्त्यावर एक नवा कारागीर बसायचा. त्याने काही तपासलं नाही. लाटसाहेब म्हणाला तेच त्याने खरं धरलं. माझे पाचही व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर उपटून भंगाराच्या पोत्यात टाकले, आणि जागेवर सर्किटची एक चपटी हिरवी पट्टी बसवली. मग स्पीकरही बदलला. आता कसं, त्याने विचारलं.

"हां," लाटसाहेब खूश झाला. "आता बोलतोय."

मी बोलत नव्हतो मित्रांनो, किंचाळत होतो. त्याच्या फाटक्या कानांतून आत शिरेल एवढं किंचाळणं मला शिकवलं होतं. पुढच्याच कार्यक्रमात पहिल्या रांगेतली तीन माणसं उठून गेली आणि मध्यंतरात मालकाने लाटसाहेबाला कोट उचलायला सांगितलं.

चार महिने तो मला शिव्या देत बसला. शेवटी बायकोने त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. कानात यंत्र बसलं. घरी आल्या आल्या त्याने मला चालू केलं, एक सूर छेडला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"हा असा वाजतो?"

"अहो, कधीचा," बायको म्हणाली. "गल्ली तेच तर सांगतेय."

तो मला घेऊन धावत आत्याकडे गेला. तिने झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं.

"भंगारात गेलेलं कधीच वितळलं असेल," ती म्हणाली. "याचं मूळचं इथे आता खोकंच उरलंय."

"नवे व्हॉल्व्ह घालता येतील ना?"

"येतील. पण मग तो दुसराच कोणीतरी होईल. तुम्हाला हा हवा होता ना?"

त्याने मला उचलून कोटाशी धरलं. उत्तर मी दिलं असतं, पण माझं बटण बंद होतं.

मित्रांनो, आवाज कमी आला की यंत्राचा स्क्रू काढण्याआधी स्वतःचे कान तपासून बघा. आम्ही यंत्रं खोटं बोलत नाही, पण आम्हाला साक्षीला कोणी बोलावत नाही. आणि जी बाई झाकण न उघडता दोष सांगते, तिच्यावर एकदा तरी विश्वास ठेवा.

लाटसाहेब मला अजून वाजवतो, रोज दुपारी, दार लावून. वाजवण्याआधी कानातलं यंत्र काढतो आणि कोटाच्या खिशात ठेवतो.